तुम्ही विचारलंत म्हणून: टेकडीवर चालताना कानात काही का नसतं?

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी भेटणारे बरेच जण विचारतात, तुमच्या कानात कधी इअरफोन दिसत नाहीत, एवढं चालताना कंटाळा येत नाही का? तिथे उभ्या उभ्या सांगून होत नाही म्हणून इथे लिहितेय.

नाही येत, कारण ऐकायला पक्ष्यांचे आवाज भरपूर असतात, फक्त उजाडायच्या आत वर पोचायला हवं. मे महिन्यात पुण्यात सूर्य सहाच्या आसपास उगवतो, पण खरी मजा त्याच्या आधीच्या अर्ध्या-पाऊण तासात. टेकडीवरच्या दगडखाणीच्या बाजूला अंधारात रातवा बोलत असतो, चक-चक-चक आणि शेवटी चर्रर्र, तो थांबायच्या आत कोतवाल सुरू होतो, मग दयाळ, मग बुलबुल, खाली झाडीत मोर ओरडतो, झुडपातून तित्तिर, आणि कोकीळ तर आवाज चढवत चढवत नेतो आणि एकदम गप्प, की परत पहिल्यापासून. (गातो तो नर बरं का, मादी नुसती किक-किक करते.)

माझा सगळ्यात लाडका दयाळ. काळापांढरा, साधारण बुलबुलाएवढा. ग्लिरिसिडियाच्या वाळक्या शेंड्यावर बसतो, शेपटी उभी करतो, गळ्यावरची पिसं फुलतात आणि एक ओळ म्हणून थांबतो. तेवढ्यात नीट कान दिलात तर लांबून दुसरा दयाळ उत्तर देताना ऐकू येतो, मग हा पुढची ओळ वेगळीच घेतो! रोज त्याच वाटेने गेलं ना, की कुठल्या झाडापर्यंत कोणाची हद्द आहे ते आपल्यालाही कळायला लागतं, आणि एकदा ते कळलं की मग टेकडी नुसती चालायची जागा राहतच नाही.

पहाटेच का गातात? अंधुक उजेडात किडे नीट दिसत नाहीत, मग तो वेळ हद्द सांगण्यात आणि मादीला बोलावण्यात जातो. शिवाय वारा पडलेला असतो, ट्रॅफिक नसतं, आवाज लांबपर्यंत जातो. नंतर खाली हॉर्न सुरू झाले की पक्षी तिथेच गात असतो पण आपल्यापर्यंत निम्मंच येतं.

आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप वापरायचं का, तर जरूर वापरा, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी फार छान केलंय ते, पण आधी ऐका, अंदाज बांधा, मग फोन काढा, नाहीतर नावं कळतात आणि आवाज लक्षात राहत नाहीत. एक मात्र प्लीज करू नका, फोटोसाठी पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर लावू नका. हा विणीचा काळ आहे, नराला वाटतं दुसरा कोणीतरी हद्दीत घुसलाय, आणि तो सगळं सोडून त्या स्पीकरभोवती घिरट्या घालत बसतो. मी हे बघितलंय, फार जीव तुटतो.

आणि मे संपला म्हणून राहिलं असं काही नाही. पावसाचं वातावरण झालं की पावशाचं पेर्ते व्हा सुरू होतं, खाणीत पाणी साठलं की बेडूक असतात, तेव्हाही या. फक्त चपला घालून येऊ नका, उतारावरची खडी ओली झाली की पाय सटकतो.