आधी राखणदाराला विचारा
सत्राला आल्या आल्या बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं: जे अर्ली यांचं 'सेल्फ-थेरपी' (2009), इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स ही उपचारपद्धत स्वतःवर वापरायला शिकवणारं. या पद्धतीत मन अनेक भागांचं मानतात: काही दुखावलेले, काही त्यांना जपणारे राखणदार. पट्टी धरून आखलेल्या ओळी, पानोपानी रंगीत खुणा. दोन रात्री झोप नव्हती. पोट दुखेस्तोवर खाणं आणि मग स्वतःचीच किळस. "पुस्तकात आहे तस्संच केलं हो," त्या म्हणाल्या. (त्यांच्या संमतीने, ओळखीचे तपशील बदलून लिहिते आहे.)

केलं होतं, पण मधूनच उघडून. त्या पुस्तकात आधी राखणदार भागांशी ओळख, त्यांची परवानगी आणि मगच आतलं दुखावलेलं मूल, असा क्रम आहे. बाई रात्री एकट्याने थेट त्या मुलापाशी गेल्या. कोंडलेलं दुःख एकदम वर आलं आणि खाणारा भाग धावला. रिचर्ड श्वार्ट्झ यांनी 1980च्या दशकात ही पद्धत घडवली, तीही खाण्याचे विकार असलेल्यांचं ऐकत. अशा राखणदार भागाला ते अग्निशामक म्हणतात. आग दिसली की तो पाणी मारतो, घर भिजेल याचा विचार करत नाही.

म्हणून त्या दिवशी मुलाकडे वळलोच नाही. खाणारा भाग शरीरात कुठे जाणवतो? घशाखाली, आवळल्यासारखा. "त्याच्याबद्दल आत्ता काय वाटतं?"

"चीड."

सगळी पद्धत या एका प्रश्नावर उभी आहे. चीड आली, म्हणजे उत्तर दुसराच भाग देतोय. त्याला थोडं बाजूला व्हायची विनंती केली, तो हटेना. इथे रेटलं की काम बिघडतं. जो हटत नाही त्याच्याशीच बोलायचं. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "तो म्हणतोय, मी सैल सोडलं तर ही अंथरुणातून उठणार नाही." ओळी आखणाराही तोच, व्यवस्थापक: दुखणं वर येऊ नये म्हणून आधीपासूनच सगळं ताब्यात ठेवणारा राखणदार. बरं होणंसुद्धा त्याने आठवड्यात उरकायचं ठरवलं होतं! दमतोस का, असं विचारल्यावर बाईंचे डोळे भरले.

मग पुन्हा तोच प्रश्न, खाणाऱ्याबद्दल. "बिचारा. रात्रभर जागा असतो." हा सूर लागल्यावरच त्याला भीती विचारता आली: खाणं थांबवलंस तर काय होईल? "रडू आवरणार नाही."

तिथेच थांबलो. एका सत्राला एवढं पुष्कळ.

वाचन मी बंद केलं नाही, क्रम बदलला. आधी श्वार्ट्झ यांचं 'नो बॅड पार्ट्स' (2021). सराव दिवसा, वीसच मिनिटं आणि फक्त राखणदारांशी. बधिर वाटलं किंवा आपण लांबून बघतोय असं झालं, तर डोळे उघडून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची आणि सराव तिथेच सोडायचा. ज्यांना मधला वेळ आठवत नाही किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, त्यांनी हे एकट्याने करूच नये. सहकाऱ्यांना मात्र जनिना फिशर यांचं आघातातून गेलेल्यांच्या दुभंगलेल्या भागांवरचं 2017चं पुस्तक सुचवते; ते उपचारकांसाठी आहे.

जाताना बाईंनी 'सेल्फ-थेरपी'च्या मुलाबद्दलच्या पानांना रबरबँड लावलं. "दोघांना विचारून सोडेन," म्हणाल्या.