खडक लागला, मॅडम

येऊरच्या डोंगराखाली, घोडबंदर रोडलगत एका इमारतीच्या पायासाठी बोअरिंग चालू होतं. वर आलेला कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, पाहायचा आणि त्याची नोंद करायची, हे माझं काम. मे संपत आला होता आणि पावसाआधी सगळं आटपायची घाई होती.

तिसऱ्या बोअरवरून मशीनवाले मामा हात पुसत आले. "खडक लागला, मॅडम. काळा पाषाण. बंद करू ना?"

जमीन किती घट्ट आहे ते बघायला नळीवर मारायचा ६३.५ किलोचा हातोडा साडेचार मीटरवर उसळायला लागला होता. ५० ठोके मारूनही नळी आत जाईना, म्हणून मामांनी खडक कापणारं डायमंड बिट लावलं होतं. दीड मीटरच्या रनमध्ये, म्हणजे एका दमात खोदलेल्या टप्प्यात, सव्वा मीटर कोअर आला होता. घट्ट, गुळगुळीत, वाजवला तर खणखणीत. कागदावर आरक्यूडी, म्हणजे दहा सेंटिमीटरहून लांब अखंड तुकड्यांचं प्रमाण, ८३ टक्के. सुपरवायझर तर पुढच्या बोअरची जागा आखायला निघालेसुद्धा.

मी शेवटचा तुकडा उचलून ओला केला. त्याच्या खालच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी पिवळट-तपकिरी साल होती, नखाने खरवडली तर भुगा पडत होता. आणि उरलेले २५ सेंटिमीटर कुठे गेले?

"मामा, शेवटी पाणी कसलं येत होतं?"

ते थांबले. "आधी राखाडी होतं. मग जरा पिवळं झालं."

आपला बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, भेगांमधून कुजतो. पाणी भेगेत शिरतं, त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते, लोह गंजतं. कोपऱ्यांवर पाण्याचा मारा तीन बाजूंनी होतो, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळ्याचा गोल गोटा उरतो, भोवती कांद्यासारखे पापुद्रे आणि मुरूम. घाटातल्या रस्त्याच्या कापात हे गोटे कुणालाही दिसतात. बोअर मात्र जेमतेम साडेपाच सेंटिमीटर जाडीचा कोअर वर आणतो. तो नेमका गोट्यावर बसला, की गोटाच डोंगर वाटतो.

"चालू ठेवा," मी म्हटलं. सुपरवायझर नाराज झाले. त्यांचंही खरं होतं, प्रत्येक मीटरचे पैसे लागतात.

पुढचा रन सुरू झाला आणि रॉड सहज खाली उतरला. मामा माझ्याकडे बघत राहिले. मुरूम. साडेदहा मीटरपर्यंत मुरूमच, मधे दोन लहान गोटे. मग पाणी एकदम लाल झालं.

"गेरू लागला," मामा म्हणाले. आम्ही त्याला रेड बोल म्हणतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत होते. एक थर थंड होऊन उघडा पडला, त्याच्यावर माती तयार झाली आणि मग पुढचा लाव्हा येऊन तिच्यावर पसरला. विटेच्या रंगाचा तो तुकडा हातात घेतला, की मला दर वेळी थोडं थांबावंसं वाटतं. लाव्हा शांत असतानाची ती जमीन आहे, आणि तिला आपल्याआधी कुणीच पाहिलेलं नाही.

पण पायाच्या दृष्टीने ती धोक्याची. मी एक खडा मामांच्या पाण्याच्या मगात टाकला. कडा सुटल्या, बुडबुडे आले, आणि चहा पिऊन होईपर्यंत तळाशी नुसता लाल गाळ. सुपरवायझर मगात डोकावून बघत होते. त्यानंतर त्यांनी मीटरचा हिशेब काढला नाही.

६० सेंटिमीटर गेरूखाली खालच्या थराचा माथा लागला, वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. प्रत्येक पोकळीत झिओलाइट नावाचं पांढरं खनिज. एका पोकळीत पंख्यासारखे पसरलेले स्टिल्बाइटचे, म्हणजे झिओलाइटच्याच एका प्रकाराचे, स्फटिक होते. मामांनी ते उन्हात धरून दोनदा फिरवले आणि हळूच पेटीत ठेवले. त्याच्याखाली पाच मीटर सलग खडक मिळाला, तेव्हाच मी बोअर बंद करायला सांगितलं.

पहिले दोन बोअर मी येण्याआधी, एकेका रननंतरच बंद झाले होते. मी त्यांच्या कोअर पेट्या उघडल्या. दुसऱ्यातल्या शेवटच्या तुकड्याला तीच पिवळी साल होती.

सुपरवायझरांनी बराच वेळ फोनवर बोलून शेवटी मान हलवली. मामांनी पोरांना हाक मारली, तिपाई उतरवली, आणि मशीन परत दुसऱ्या बोअरकडे ओढायला लागले. येऊरवर ढग उतरले होते.