साइट नवी झाली आणि प्रतिसाद देणारे गप्प झाले : माझा अनुभव

गच्चीवर, बाल्कनीत, अगदी खिडकीच्या ग्रिलमध्येसुद्धा जमेल तशी भाजी-फुलं लावणाऱ्या मराठी लोकांचं आमचं एक संस्थळ आहे. नाव इथे देत नाही. फार मोठं नाहीये पण बारा वर्षं झाली चालू आहे आणि चालवणारे आम्ही तिघं, मी पुण्यात, एक दादा कोल्हापूरला आणि एक ताई न्यू जर्सीला. पैसे कुणालाच मिळत नाहीत, सर्व्हरचा खर्च वर्गणीतून निघतो. डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही साइट पूर्ण नवी केली आणि पुढचे पाच-सहा महिने जे काय झालं ते लिहून ठेवावं असं खूप दिवस मनात होतं, कारण अशी छोटी मराठी संस्थळं चालवणारे अजून बरेच जण आहेत आणि आज ना उद्या त्यांनाही हे करावं लागणारच आहे.

बदलायची हौस नव्हती हो. आमची साइट ड्रुपल या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या ७ व्या आवृत्तीवर होती. ती आवृत्ती जानेवारी २०११ ची, तिचा सपोर्ट आधी २०२१ मध्येच संपणार होता, मग कोव्हिडमुळे मुदत वाढली, मग परत वाढली आणि शेवटी ५ जानेवारी २०२५ ला कायमची संपली. त्यानंतर सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत म्हणजे लोकांचे ईमेल पत्ते, पासवर्ड सगळं उघड्यावर. आणि ७ वरून १० वर जाणं म्हणजे एक बटण दाबून अपडेट करणं नव्हे, नवीन घर बांधून सगळं सामान तिकडे हलवायचं असतं, जुनी थीम, म्हणजे साइटचं रंगरूप, तर तिकडे चालतच नाही, ती पहिल्यापासून लिहावी लागते. मग आम्ही म्हटलं एवढं करतोच आहोत तर दिसायलाही जरा छान करूया.

जुनी साइट कशी होती ते सांगते. फिकट पिवळी पार्श्वभूमी, वर एक हिरवी पट्टी आणि खाली सरळ एक तक्ता. धाग्याचं (म्हणजे एका विषयावरच्या चर्चेचं) नाव, लेखकाचा आयडी, किती प्रतिसाद, आणि त्याच्या शेजारी लाल अक्षरात "३ नवीन". एका स्क्रीनवर वीस-पंचवीस धागे सहज दिसायचे. मोबाईलवर मात्र अक्षरं इतकी बारीक यायची की दोन बोटांनी मोठं करून वाचावं लागायचं, ही तक्रार खरी होती आणि सारखी यायची. त्या तक्त्यात सकाळी कुणीतरी "कढीपत्त्याची पानं पिवळी पडतायत" असा धागा काढायचं आणि तासाभरात सांगलीच्या काकांचा प्रतिसाद असायचाच, कुंडीच्या तळाचं भोक बुजलंय का बघा, पाणी साचत असेल, आठवड्यातून एकदा आंबट ताक पातळ करून घाला. त्याखाली चारजणांचं सहमतीचं "+१". मग साताऱ्याच्या काकू सांगणार की ताक घालताना त्यात मीठ नको. असं चालायचं सगळं.

नव्या साइटचं डिझाइन ताईंनी केलं, रात्र रात्र जागून केलं, आणि ते खरंच सुंदर होतं, आजही आहे. प्रत्येक धाग्याला मोठा फोटो, कार्डासारखी मांडणी, मोबाईलवर एकदम स्वच्छ. आम्ही तिघांनी महिनाभर तपासलं. फोटो दिसतात का, जुने धागे सगळे आले का, शोध चालतो का. सगळं चाललं. एका शनिवारी रात्री नवी साइट सुरू केली, दुसऱ्या दिवशी "मस्त दिसतंय", "अभिनंदन", "हार्दिक शुभेच्छा" असे प्रतिसाद आले, आम्ही खूश.

आठवडाभरात लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. वाचायला येणारे कमी झाले नव्हते, उलट मोबाईलवरून जास्तच येत होते. प्रश्नही येत होते. उत्तरं येत नव्हती. एका मुलीने मिरचीच्या पानांचा फोटो टाकला होता, पानं आकसून वाटीसारखी झालेली, सरळसरळ चुरडा-मुरडा रोग, आमच्याकडे यावर आधी पन्नास वेळा तरी लिहून झालंय. चार दिवस शून्य प्रतिसाद. पाचव्या दिवशी तिनेच खाली लिहिलं, "इथे कुणी आहे का?" ते वाचून मला फार लागलं. मीच मग उत्तर दिलं, फुलकिडे किंवा कोळी या बारीक किडी असतील, पानाच्या खालच्या बाजूला भिंग लावून बघ, निंबोळी अर्क संध्याकाळी फवार वगैरे, पण मला काकांएवढं कळत नाही हेही खरं.

कॉलवर दादाने डिगची गोष्ट सांगितली. डिग म्हणजे बातम्यांच्या लिंका टाकून लोकांनी मतं द्यायची अशी अमेरिकेतली साइट, एकेकाळी प्रचंड चालायची. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी चौथी आवृत्ती आणली, न आवडलेली लिंक खाली ढकलायचं बटणच काढलं, आणि मोठ्या प्रकाशकांना आपल्या बातम्या आपोआप टाकायची सोय दिली. लोक इतके चिडले की डिगच्या पहिल्या पानावर रेडिट या तशाच दुसऱ्या साइटच्या लिंका भरभरून टाकल्या आणि मग तिकडेच निघून गेले. दोन वर्षांत, २०१२ मध्ये, डिग किरकोळ किमतीला विकली गेली. ताई हे ऐकून गप्पच झाल्या. मी म्हटलं, अहो पण आपल्याकडे कुणी चिडलंय कुठे? चिडलं असतं तर कळलं तरी असतं. आपले लोक नुसते दिसेनासे झालेत.

त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि गेल्या वर्षभरात दुसऱ्यांच्या धाग्यावर नियमित उत्तरं कोण देत होतं ते आयडी लिहून काढले. चौदा निघाले. नोंदणी केलेले लोक हजारात, आणि साइट चालते ती चौदा माणसांवर! ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ ठोकताळा आहे, जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये मांडलेला, की शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ कधीतरी लिहितात आणि एकच जण सतत लिहितो. आम्ही नवी साइट केली ती त्या नव्वद वाचनमात्रांना डोळ्यासमोर ठेवून, आणि धक्का बसला तो त्या एकाला.

मग फोन करायला सुरुवात केली. पहिला सांगलीच्या काकांना. कृषी खात्यातून निवृत्त झालेत, बोलणं अगदी मोजकं. म्हणाले, "अहो मॅडम, मला वाटलं साइट बंद पडली. रोज उघडतो, पान सापडत नाही म्हणतंय." विचारत विचारत गेले तेव्हा कळलं, काकांनी मुखपृष्ठ कित्येक वर्षांत बघितलंच नव्हतं, त्यांचा बुकमार्क थेट त्या "नवीन लेखन"च्या तक्त्याचा, आणि त्या पानाचा पत्ता नव्या आवृत्तीत बदलला होता. आम्ही धाग्यांचे जुने पत्ते एकूण एक जपले, एकही लिंक तुटू दिली नाही, आणि हे एक पान राहिलं. दादाने दहा मिनिटांत जुना पत्ता नव्याकडे वळवला. दहा मिनिटांचं काम, आणि त्यापायी काका जवळजवळ तीन आठवडे बाहेर!

साताऱ्याच्या काकूंची अडचण वेगळी. साइट हलवताना सगळेच लॉगआउट झाले होते आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, पासवर्ड जुनाच चालत होता ना. पण काकूंनी पासवर्ड शेवटचा टाकला होता मुलाने कॉम्प्युटर घेऊन दिला तेव्हा. पासवर्ड विसरला म्हणून बटण दाबलं तर मेल जाणार मुलाच्या जुन्या कंपनीच्या पत्त्यावर, ती नोकरी सोडून त्याला सात वर्षं झाली. त्या नवा आयडी घ्यायला तयार नव्हत्या. "माझं सगळं लिखाण त्या नावावर आहे, मी दुसरी कुणी म्हणून कशी येऊ?" म्हणाल्या. मला एकदम पटलं ते. फोनवरच त्यांचा ईमेल बदलून दिला आणि पलीकडे त्यांचं लॉगिन होईपर्यंत थांबले. असे अडकलेले चौदातले पाच निघाले.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते कोथरूडच्या एका आजींकडे. त्या घराजवळ राहतात म्हणून मी सरळ गेलेच, म्हटलं तुम्ही नेहमीसारखी साइट वापरा, मी नुसती शेजारी बसते, काही बोलणार नाही. त्यांनी पान उघडलं. खाली, अजून खाली, अजून खाली. एका स्क्रीनवर दीड कार्ड मावत होतं. "यातलं मी काय वाचलंय आणि काय नाही?" त्यांनी मला नाही, स्क्रीनलाच विचारलं. लाल "नवीन" आम्ही काढलं होतं, कार्डावर ते बरं दिसत नव्हतं म्हणून! मग त्यांनी एक धागा उघडला, शेवटपर्यंत गेल्या, आणि थांबल्या. पूर्वी तिथे पांढरी चौकट असायची, प्रतिसाद लिहा आणि पाठवा. आता तिथे एक छोटं बटण, ते दाबलं की चौकट उघडणार, त्यावर ठळक, तिरपं, यादी, लिंक अशी चिन्हांची रांग. ते मी दाखवलं. त्यांनी लिहायला घेतलं आणि अक्षरं उमटली इंग्रजी. जुन्या चौकटीत रोमन टंकलं की देवनागरी उमटायची सोय होती, नव्या एडिटरमध्ये ती चालतच नव्हती आणि आम्हा तिघांना कळलंही नाही, कारण आम्ही तिघंही फोनच्या मराठी कीबोर्डवर टाइप करतो. आजींनी दोन ओळी रोमनमध्ये लिहिल्या, वाचल्या आणि पुसून टाकल्या. "छे, असं नाही पाठवत मी," म्हणाल्या. मी घरी येताना रिक्षात रडले, खरंच सांगते.

ताईंना हे सगळं सांगणं मला अवघड गेलं. त्यांनी केलेलं काम वाईट नव्हतंच, नवीन मुलं जी येत होती ती त्या सुंदर फोटोंमुळेच येत होती. पण आम्ही तिघं बोललो, दोन कॉल जरा जोरातच झाले, आणि मग कामाला लागलो. पहिल्यांदा साधी चौकट परत आणली, देवनागरीच्या सोयीसकट, पानाच्या तळाशी कायम उघडी. मग "नवीन". हे दिसतं तेवढं सोपं नाही, कुणी कुठला धागा कधी वाचला याची नोंद साइटला ठेवावी लागते, ड्रुपल ती तीस दिवसांपुरतीच ठेवतं, पण रोज येणाऱ्याला तेवढी पुरते. आणि तिसरं, विकिपीडियाने २०२३ च्या जानेवारीत इंग्रजी विकीचं रूप बदललं तेव्हा लॉगिन केलेल्या सदस्यांना पसंतीक्रमात जाऊन जुनं रूप ठेवायची मुभा ठेवली होती, तसं आम्हीही "जुनी मांडणी" असा पर्याय दिला. म्हणजे तोच तक्ता, फक्त अक्षरं मोठी. हा पर्याय ताईंनीच बनवला.

आणि कळवलं कसं, तर साइटवर सूचना लावून नाही. जे साइटवर येतच नाहीत ते सूचना कुठे वाचणार? चौदाही जणांना शोधलं, कुणाचा नंबर कुणाकडून, कुणाला फेसबुकवर निरोप, एकांना तर पोस्टकार्ड टाकलं.

एप्रिलपर्यंत चौदातले अकरा परत आले. दोघांनी सांगितलं की आता आम्ही व्हॉट्सअॅप ग्रुपवरच असतो, तिथे पटकन होतं. त्यांचं मी समजू शकते, फक्त तिथे दिलेलं उत्तर पुढच्या वर्षी कुणाला सापडत नाही याचं वाईट वाटतं. एकांचा पत्ताच लागला नाही, त्या गुलाबाच्या कलमांवर लिहायच्या, साइटवरच्या त्यांच्या खरडवहीत (निरोप ठेवायच्या पानावर) माझा निरोप अजून तसाच पडून आहे.

काका ज्या दिवशी परतले त्या दिवशी त्यांनी न विचारता सगळे जुने अनुत्तरित धागे एकेक करून उघडले. मिरचीवालीलाही लिहिलं, उशीर झाल्याबद्दल क्षमस्व, झाड अजून आहे का? तिचं उत्तर आलं, झाड गेलं काका, पण बी ठेवलंय, पुन्हा लावतेय.