आत्ता नको बोलवू त्याला

नाशिक-निफाड एसटीत आडगाव नाका सुटला, आभाळ भरून आलेलं, खिडकीतली चिमुरडी जोरात म्हणायला लागली 'ये रे ये रे पावसा'. शेजारच्या टोपीवाल्या बाबांनी चक्क हात जोडले, "आत्ता नको बोलवू गं बाई त्याला, बाग काढणीला आलीय."

कोणी हसलं नाही.

तयार द्राक्षांवर अवकाळी पडला की मणी तडकतात, छाटणीपासूनचा सगळा खर्च, फवारण्या, एका रात्रीत पाण्यात. गाणं मात्र जूनची वाट बघणाऱ्यांचं, पैसा देऊन पावसाला बोलावणाऱ्यांचं. 'पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा' ही ओळ लहानपणापासून पाठ, पण काल काळजात चर्र झालं ती ऐकून.

तुमच्याकडे अवकाळीला परत पाठवायचं एखादं गाणं आहे का? असेल तर लिहा, पोरांना शिकवू.