कडी

भाद्रपद वद्य नवमी, रात्र

आज अविधवा नवमी. आईचं वर्षश्राद्ध आषाढात झालं, त्यामुळे तिच्या नावाची ही पहिलीच. समोरच्या काकूंना सवाष्ण म्हणून बोलावलं. खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. ओटी घेताना काकू म्हणाल्या, "पोट अगदी भरलं हो." मी उगाचच ताटं उचलायला लागले.

शेवटचं दीड वर्ष आईला आपण जेवलोय हेच आठवायचं नाही. रात्री दोनला उठून स्वयंपाकघरात जायची, पिठाचा डबा उघडायची आणि चार बोटांनी थोपटून थोपटून पीठ सारखं करत बसायची. ही सवय जुनी. दळण आलं की डबा भरून ती असंच थोपटायची. मग एकदा गॅस उघडा राहिला, आणि मी दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. वर, तिचा हात पोचणार नाही अशी. ती दारावर थापा मारायची. "मला कुणी वाढा गं." सुरुवातीला मी उठायचे.

ती गेल्यावर दहा दिवस घरात गरुडपुराण. रोजच्या पिंडातून गेलेल्याचा नवा देह घडतो म्हणतात. पहिल्या दिवशी डोकं, मग मान, खांदे, असं करत नवव्याला पाय. दहाव्याला भूक आणि तहान. काका पेंगत होते. मी मात्र बसल्या जागी गार झाले. आधी पाय, आणि लगेच भूक.

दहाव्याला वाईच्या घाटावर कावळा शिवेना. बाबांना सांभाळू, दोघा भावांत वाटण्या नीट करू, सगळे एकेक कबूल करत होते. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. चारचौघांत तोंडातून निघालं नाही. दीड तासानं गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

त्या रात्री आत्यानं दिव्यापाशी तांदळाचं पीठ पसरलं, वर टोपली पालथी घातली. सकाळी पाऊल कसलं उमटलंय ते बघायचं, म्हणजे पुढचा जन्म कळतो. काकांना त्यात गाईचं खूर दिसलं, आत्याला पाखराचा पाय. दोघं बराच वेळ वाद घालत होते (काकांना चष्म्याशिवाय घड्याळही दिसत नाही). मला पाऊल दिसलं नाही. आत्यानं घाईघाईत पसरलेलं ते ओबडधोबड पीठ कडेपर्यंत एकसारखं झालं होतं, आणि मधोमध चार बोटांचे उथळ खळगे होते. टोपली ठेवताना आत्याचाच हात लागला असेल. मी कुणाला काही बोलले नाही. ते पीठ विसर्जनाला गेलं.

कडी पुढे बाबांनी काढली. एका दुपारी पेचकस घेऊन स्टुलावर चढले, न विचारता. दारावर स्क्रूची चार भोकं राहिली आहेत.

आज झोपण्याआधी ओट्यावर दोन वडे आणि वाटीभर खीर झाकून ठेवली. दार लोटलंही नाही. बाबांनी पाहिलं आणि तांब्यात पाणी भरून शेजारी ठेवलं.

पावणेबारा झालेत. मघापासून बारीक थापा ऐकू येतायत. वरच्या मजल्यावर कुणी भाकरी थापत असेल. बाबा जागे आहेत. आत्ताच खोकले.