बर्फातलं चाकाचं घर आणि माझी ताडपत्री

ताई-जिजूंनी अमेरिकेत, मिनेसोटात ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायचं छोटं घर, आत पलंग, ओटा, फ्रीज, संडास, बाथरूम सगळं. आई अख्ख्या मुलुंडभर सांगत फिरली, लेकीने चाकाचं घर घेतलंय म्हणून. उन्हाळ्यात ठीक आहे हो, पण नोव्हेंबर ते मार्च ते ठेवायचं कुठे? बंदिस्त जागेचं भाडं परवडेना म्हणून ते घराशेजारीच उघड्यावर उभं असतं, उणे वीस-पंचवीसमध्ये, वर फूटभर बर्फ. आणि हे मी कुठून लिहितोय तर मुंबईतून, जिथे आजवरचं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश, तेही १९६२ च्या जानेवारीतलं.

तरी पहिल्या वर्षी जिजूंना सल्ला दिला तो मीच. म्हटलं, निळी ताडपत्री टाका आणि घट्ट बांधा, आम्ही चार महिने पाऊस काढतो, ताडपत्रीतलं आम्हाला नाही कळणार तर कोणाला. जिजू मूळचे गिरगावचे, त्यांनाही लगेच पटलं. हिवाळाभर ती ताडपत्री वाऱ्यावर फडफडत राहिली आणि कोपऱ्यातल्या पितळी रिंगने एका बाजूचा रंग पार खरवडून काढला, शिवाय आतली ओल आतच कोंडली. खरं तर मला कळायला हवं होतं, कारण माझ्याच स्कूटरचं प्लास्टिक कव्हर ऑगस्टमध्ये काढलं तेव्हा सीटवर हिरवी बुरशी होती, पण दुसऱ्याला सांगताना आपलं कोण आठवतं! आता त्यांनी वाफ बाहेर जाऊ देणारं कापडी कव्हर घेतलंय.

पण खरा दणका बर्फाने दिलाच नाही, पाण्याने दिला. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइपात त्याला जागा नसते, मग पाइप तडकतो. जिजूंनी टाकी रिकामी केली, सगळे नळ उघडून ठेवले आणि विसरले काय तर बाहेरच्या अंगाला छोट्या झाकणामागे असलेला शॉवर, चिखलाचे पाय धुवायचा. एप्रिलमध्ये पंप चालू केला, दोन मिनिटं सगळं छान, मग ताई ओरडली, पलंगाखालून पाणी येतंय!

पुढच्या वर्षी दिवाळीला मी तिकडेच होतो तर ते काम हाताने केलं. आधी गिझर गार करून रिकामा करायचा आणि त्याची लाइन बायपास करायची, नाहीतर त्याच्या सहा गॅलनच्या, म्हणजे २३ लिटरच्या पोटात महागडं अँटीफ्रीझ, म्हणजे पाइपात भरायचं, थंडीत सहजी न गोठणारं द्रव, फुकट जातं. मग पंपाची नळी अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये सोडायची आणि एकेक नळ उघडायचा. आधी साधं पाणी येतं, मग फिकट, मग एकदम रोझ सरबतासारखं गुलाबी, की तो नळ बंद. गरम वेगळा, गार वेगळा, फ्लशसुद्धा. बाहेरचा शॉवर ताईने स्वतः उघडला, कोणाला हात लावू दिला नाही. शेवटी प्रत्येक मोरीत कपभर ओतायचं, कारण जाळीखालच्या वाकड्या पाइपात पाणी साचलेलं असतंच. हे गुलाबी वालं प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं, कारच्या रेडिएटरमधलं बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉलचं, ते विषारी, ते पिण्याच्या लाइनमध्ये चुकूनही नाही.

बॅटरी काढून घरात आणली. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेली असली की शून्याच्या थोडं खाली गेलं तरी गोठून फुटू शकते, हे मला नवीन होतं. ट्रेलरचं तोंड जरा उंच ठेवलं म्हणजे वितळलेलं पाणी छतावर साचत नाही. छत रबराचं, त्यामुळे फावडं अजिबात नाही, लांब दांड्याचा मऊ ब्रश घेऊन जिजू जमिनीवरूनच बर्फ ओढतात आणि शेवटचा पातळ थर तसाच ठेवतात. मी म्हटलं तोही काढा की. म्हणाले, "तू तुझी ताडपत्री सांभाळ."

उंदरांसाठी खालच्या भोकांत भांड्यांच्या तारेच्या घासण्या कोंबल्या, त्या मी स्वतः. खाण्याचं सगळं बाहेर काढलं, फ्रीजचं दार उघडं ठेवलं.

या एप्रिलला ताईचा व्हिडिओ कॉल आला. पंप चालू, पलंगाखाली हात फिरवून दाखवला, एकदम कोरडं. मग तिने वरचं कपाट उघडलं. आईने दिलेली थालीपिठाची भाजणी तिथेच राहिली होती, दोन किलो. पिशवी उरली होती, भाजणी नव्हती, आणि कोपऱ्यात गादीच्या कापसाचं गुबगुबीत घरटं. वायर जिथून आत येते ते एक भोक माझ्याकडून राहिलं होतं.

आईला अजून सांगितलेलं नाही, ती परवाच विचारत होती, भाजणी संपली असेल ना, अजून पाठवू का म्हणून.