आमच्या नकाशातला नाणेघाट

रविवारच्या डी अँड डीसाठी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ) पहिला नकाशा मी नेटवरून उतरवला होता. रंगीत, झोकदार, समुद्रात देवमासासुद्धा. भाचा आणि त्याचे मित्र "भारी आहे गं मावशी" म्हणाले आणि पुढचे चार रविवार कुणी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पाहून करणार काय? या गावाहून त्या गावी किती दिवस, चढ कुठे, पाणी कुठे, यातलं काहीच त्यावरून कळत नव्हतं.

मग कपाटातली नाणेघाट भागाची टोपोशीट (जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा) काढली. ट्रेकच्या दिवसांतली, घड्यांवर विरलेली. वर ट्रेसिंग पेपर टाकून नद्या, कडे आणि घाटवाटा एवढंच गिरवलं. १:५०,०००च्या शीटवर दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. माथ्यावर त्या ऐसपैस पसरतात. कड्याशी आल्या की इतक्या दाटतात की मध्ये पेन्सिलीचं टोक शिरत नाही. त्या दाटीत कुठे जरा फट दिसली की समजायचं, इथे नाळ, म्हणजे कड्यातून चढणारी अरुंद घळ, असणार. असं जग मला स्वतःच्या डोक्यातून कधीच सुचलं नसतं.

मोजमाप मात्र बदललं. शीटवरचा १ सेंटिमीटर म्हणजे खरा अर्धा किलोमीटर. मी तो १ मैल धरला आणि ६ मैलांचे हेक्स, म्हणजे षटकोनी घरं, आखले. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत साध्या चालीने दिवसाला २४ मैल होतात, म्हणजे चार हेक्स. अवघड जागी निम्मे, दोनच. १९८०च्या ग्रेहॉकच्या, म्हणजे याच खेळातल्या एका काल्पनिक जगाच्या, नकाशात एक हेक्स ३० मैलांचा आहे. तो देखणा आहे, पण राज्यं आणि लढाया मांडायला. पायी चालणाऱ्या चौघांचा अख्खा दिवस त्या एका घरात संपून जातो. १९७४च्या मूळ खेळात तर रानातल्या प्रवासासाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या दुसऱ्याच खेळाचा पट वापरा असं सुचवलं होतं. मला ते फार पटतं: आधी जमीन हवी, गोष्ट तिच्यावर चालते.

खेळाडूंना मी पूर्ण नकाशा देत नाही. त्यांच्याकडे आहे तो मिठाच्या व्यापाऱ्याने काढलेला. त्यात तांड्याची वाट आणि पाणवठे नीट आहेत, बाकी सगळं कोरं. कोऱ्या जागी जे दिसेल ते त्यांनीच पेन्सिलीने भरायचं.

गेल्या रविवारी मिठाच्या गोण्या लादलेले वीस बैल पावसाआधी माथ्यावर पोचवायचे होते. शिडीच्या वाटेने एक दिवस, वळसा घालून तीन. सगळे शिडीच्या बाजूने. भाच्याने कड्यावर बोट ठेवलं, बराच वेळ ते हलवलं नाही, मग म्हणाला, "मावशी, माणसं चढतील. बैल कसे चढणार?" त्यावर पाऊण तास खल झाला. एकही फासा पडला नाही, आणि मला तो आजवरचा आमचा सर्वांत चांगला डाव वाटतो.

शेवटी त्यांनी वळसा घेतला. खिंडीच्या तोंडाशी नाणेघाटातल्यासारखाच जकातीचा दगडी रांजण आहे, हे त्यांच्या नकाशावर नाही. त्यात काय आहे, ते मी अजून ठरवतेय.